एमसीएल-१ चं ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट: पार्सल उतरवण्यापासून बँड वाचण्यापर्यंत

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पातळ मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधायची पद्धत) एका लेनमध्ये काळाकुट्ट डाग आणि शेजारच्या सगळ्या लेन कोऱ्या. किंवा जिथे काहीच दिसायला नको असं वाटत होतं, त्या रिकाम्या व्हेक्टरच्या (एमसीएल-१ चं जनुक नसलेल्या प्लास्मिडच्या) लेनमध्येही स्वच्छ बँड. एमसीएल-१ या पेशीला मरण्यापासून वाचवणाऱ्या प्रथिनासाठी पॉझिटिव्ह कंट्रोल (बँड यायलाच हवा असा नमुना) म्हणून विकत घेतलेलं लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क, पहिल्यांदा वापरणारे बहुतेक जण या दोनपैकी एका चित्रापाशी अडतात आणि खापर लायसेटवर फुटतं. पहिल्या चित्रात लायसेट गरजेच्या कितीतरी पट जास्त घातलेलं असतं. दुसऱ्या चित्रात तर काहीच चुकलेलं नसतं, फक्त ते वाचायचं कसं हे माहीत नसतं.

हे लायसेट म्हणजे काय ते दोन वाक्यांत. एचईके २९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये माणसाच्या एमसीएल-१ चा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) घालतात, प्रथिन भरपूर तयार झालं की पेशी फोडून अर्क काढतात; सोबत रिकामा व्हेक्टर घातलेल्या पेशींचा अर्क वेगळ्या ट्यूबमध्ये देतात. ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: तुमची अँटिबॉडी आणि तुमचा ब्लॉट काम करतोय का? तुमच्या पेशींत एमसीएल-१ किती आहे, हे ते सांगत नाही. हा फरक डोक्यात पक्का असेल तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

## टप्पा १: मागवण्याआधी माहितीपत्रक वाचा

ऑर्डर देण्याआधी माहितीपत्रकातल्या पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या.

१. प्रकार. एमसीएल-१ चा लांब प्रकार ३५० अमिनो आम्लांचा, आखूड प्रकार २७१ चा. आखूड प्रकारात दुसरा एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) गळलेला असतो आणि त्यामुळे प्रथिनाचं शेपूटच बदलतं. तुमची अँटिबॉडी सी-टोकाच्या, म्हणजे प्रथिनसाखळीच्या शेवटच्या, तुकड्यावर बनवलेली असेल, तर आखूड प्रकाराचं लायसेट कितीही घातलं तरी बँड येणार नाही.

२. टॅग, म्हणजे ओळखीसाठी प्रथिनाला जोडलेला तुकडा. मिक-डीडीके टॅग असेल तर बँड सुमारे ३ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं एकक) वर सरकतो, जीएफपी असेल तर सुमारे २७. टॅग नसलेलं लायसेटही मिळतं.

३. कशात दिलंय. आरआयपीए बफरमध्ये (पेशी फोडायचं डिटर्जंटचं द्रावण), एसडीएस या तीव्र डिटर्जंटच्या सॅम्पल बफरमध्ये, की सुकी पूड. पुढची प्रत्येक पायरी यावर ठरते.

४. एकूण किती आणि किती तीव्रतेचं. पुष्कळदा ट्यूबमध्ये १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमीच असतं. दर लेनला २० घालणाऱ्याचं हे पाच ब्लॉटमध्ये संपतं.

५. रिकाम्या व्हेक्टरची ट्यूब सोबत आहे का. नसेल तर वेगळी मागवा. तिच्याशिवाय लायसेट घेण्यात अर्थ नाही.

पार्सल सोमवार ते बुधवारमध्येच हातात पडेल असं विक्रेत्याला लेखी कळवा. शुक्रवारी विमानतळावर उतरलेला थर्मोकोलचा डबा शनिवार-रविवार कस्टममध्ये अडकला, तर सोमवारी नवी मुंबईत महापे किंवा रबाळ्याला पोहोचेपर्यंत त्यात ड्राय आइसऐवजी नुसती हवा उरलेली असू शकते. मे महिन्यात हा धोका दुप्पट.

तपासा: अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात तिचा लक्ष्य-तुकडा कोणता ते लिहिलंय का? तो तुकडा लायसेटमधल्या प्रकारात आहे का? याचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

## टप्पा २: पार्सल उतरवून घेताना

डबा उघडण्याआधी उणे ८० च्या फ्रीझरमधली जागा मोकळी करून ठेवा आणि रॅकवर नाव चिकटवा. डबा उघडा आणि पहिल्या मिनिटात तीन नोंदी करा: ड्राय आइस किती उरलाय, ट्यूब कडक गोठलेली आहे की मऊ, झाकण घट्ट आहे का. मोबाइलवर एक फोटो काढा. तक्रार करायची वेळ आली तर हा फोटोच कामी येतो.

ट्यूब सुकी पूड असेल तर डबा वितळलेला असला तरी बहुधा चालतं. आरआयपीएमधलं द्रव लायसेट वितळलेलं आलं असेल तर ते वापरू नका, बदलून मागा. एसडीएस बफरमधलं यात सर्वांत दणकट, कारण त्यातले प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) आधीच निकामी झालेले असतात.

द्रव लायसेट त्याच दिवशी उघडायची घाई करू नका. ड्राय आइस उडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड सैल झाकणातून आत शिरतो आणि नमुना आम्लधर्मी होतो. आरआयपीएमधलं डीऑक्सिकोलेट आम्लात साक्यासारखं खाली बसतं आणि सोबत प्रथिनही ओढून नेतं. ट्यूब एक रात्र उणे ८० ला साध्या रॅकमध्ये ठेवा, वायू निघून जातो. मग उघडा.

## टप्पा ३: ट्यूब उघडाल त्याच दिवशी वाटे करा

लायसेट वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे एकच ट्यूब महिनोन्‌महिने काढ-घाल करणं. उघडलीत त्याच बैठकीत तिचे वाटे करा.

१. ट्यूब बर्फावर ठेवा. अपवाद: एसडीएस बफरमधलं लायसेट. बर्फावर एसडीएस गोठतं आणि थंडीत थिजलेल्या खोबरेल तेलासारखे पांढरे कण तरंगू लागतात. ते कण पिपेटमध्ये गेले की दर वेळी वेगळं माप निघतं. ही ट्यूब खोलीच्या तापमानाला ठेवा, गरज पडली तर ३७ अंशांवर ५ मिनिटं, आणि द्रव काचेसारखं नितळ झाल्यावरच पुढे जा.

२. पावसाळ्यात बाहेर काढल्याबरोबर ट्यूबवर दव साचतं. टिश्यूने पुसा, मगच झाकणाला हात लावा. झाकणाच्या कडेवर साचलेला एक थेंब म्हणजे २० ते ३० मायक्रोलिटर पाणी. १०० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये तो पडला तर सगळी गणितं चुकली.

३. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये ३० सेकंद फिरवा. सुक्या पुडीच्या ट्यूबमध्ये हे विसरणं महागात पडतं. प्रवासात पूड उडून झाकणाच्या आतल्या खोबणीत पांढऱ्या कड्यासारखी बसलेली असते. न फिरवता झाकण उघडलं की ती हवेत जाते आणि तळाशी उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या पुडीत तुम्ही पूर्ण मापाचं पाणी घालता.

४. सुक्या पुडीत माहितीपत्रकात सांगितलेलंच द्रव, सांगितलेल्याच मापाने घाला. १०० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर घातलं तर तीव्रता १ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. १० मिनिटं थांबा, टिचकीने हलवा, पुन्हा थोडं फिरवा. व्हॉर्टेक्सवर फेस आणू नका.

५. १० मायक्रोलिटरचे वाटे करा. लेबलवर नाव, तीव्रता, तारीख आणि बफर लिहा. अल्कोहोलने पुसली जाणारी शाई वापरू नका.

६. रिकाम्या व्हेक्टरच्या ट्यूबचं हेच सगळं, त्याच बैठकीत, वेगळ्या रंगाच्या झाकणांत.

एक वाटा वितळला की तो दोनदाच वापरायचा, तिसऱ्यांदा गोठवायचा नाही. विजेच्या एका फेजवरचा फ्रीझर चालू राहून दुसऱ्या फेजवरचा बंद पडल्याचं सकाळी कळतं, असं एमआयडीसीच्या पट्ट्यात घडू शकतं. म्हणून वाट्यांचे दोन गट करून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

सावधान: हे माणसाच्या पेशींचं लायसेट आहे. एचईके २९३टीमध्ये अॅडिनोव्हायरस ५ आणि एसव्ही४० चे जनुकतुकडे असतात. हातमोजे घालूनच काम करा आणि टाकाऊ टिप जैविक कचऱ्यात टाका.

## टप्पा ४: स्वतःच्या पेशींचं लायसेट

खरी मेहनत इथे आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. एमसीएल-१ पेशीत टिकत नाही. त्याचं अर्धायुष्य पेशीप्रकारानुसार साधारण अर्धा तास ते दोन-तीन तास. म्हणजे प्लेट बाकावर २० मिनिटं राहिली तर तुम्ही पेशींना दिलेल्या औषधाचा परिणाम मोजत नाही, स्वतःचा उशीर मोजताय.

आधी बफर. १०० मिलि आरआयपीएसाठी: १ मोलर ट्रिस, पीएच ८.०, ५ मिलि. ५ मोलर सोडियम क्लोराइड ३ मिलि. १० टक्के एनपी-४० १० मिलि. १० टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट ५ मिलि. १० टक्के एसडीएस १ मिलि. पाणी ७६ मिलि. हा मूळ बफर फ्रिजमध्ये ठेवता येतो. थंडीत पांढरट झाला तर खोलीच्या तापमानाला आणून नितळ करा, मग बर्फावर ठेवा.

रोखकं मात्र वापरायच्या क्षणी घाला. १ मिलि बफरला प्रोटिएझ रोखकांचं १०० पट मिश्रण १० मायक्रोलिटर, १०० मिलिमोलर पीएमएसएफ (आणखी एक प्रोटिएझ रोखक) १० मायक्रोलिटर, आणि फॉस्फेट लागलेला प्रकार बघायचा असेल तर सोडियम फ्लोराइड व ऑर्थोव्हॅनाडेट. पीएमएसएफ पाण्यात पटकन मरतं: पीएच ८ ला २५ अंशांवर त्याचं अर्धायुष्य अवघं ३५ मिनिटं. सकाळी घालून ठेवलेल्या बफरमध्ये दुपारी ते जवळपास नसतंच. ते विषारी आहे, पूड तोलताना मास्क आणि हातमोजे घाला.

आता क्रम:

१. सेंट्रिफ्यूज आधीच ४ अंशांवर आणून ठेवा. बर्फाचं ट्रे, स्क्रेपर, थंड पीबीएस (पेशी धुवायचं मिठाचं द्रावण), लेबल लावलेल्या ट्यूब, सगळं मांडून ठेवा. त्यानंतरच पहिली प्लेट इनक्युबेटरमधून काढा.

२. प्लेट एकेक करून काढा. सहा प्लेट एकदम काढल्या तर सहावीची पाळी येईपर्यंत तिच्यातलं एमसीएल-१ पहिलीच्या मानाने घसरलेलं असतं आणि तुम्ही ते औषधाचं श्रेय समजता.

३. माध्यम फेकू नका. अपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मरणात) शिरलेल्या पेशी तळापासून सुटून माध्यमात तरंगतात. त्या फेकल्या की ज्या पेशींसाठी प्रयोग केला त्याच गेल्या, आणि ब्लॉटवर औषध निष्प्रभ दिसतं. माध्यम १५ मिलिच्या ट्यूबमध्ये बर्फावर घ्या, थंड पीबीएसने प्लेट धुतलेलं पाणीही त्यातच घाला, ५०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) ५ मिनिटं फिरवा.

४. तेवढ्यात प्लेट तिरपी करून उरलंसुरलं पीबीएस खेचून घ्या. १० सेंटिमीटर प्लेटवर ३०० मायक्रोलिटर थंड बफर घाला, बर्फावरच स्क्रेपरने पेशी एका कडेला ओढा. सहा खणांच्या प्लेटला खणामागे १०० ते १५० मायक्रोलिटर पुरतात. बफर जास्त घातलात तर लायसेट पातळ होतं आणि २० मायक्रोग्रॅम खणात बसतच नाहीत.

५. खरवडलेला हा अर्क तरंगत्या पेशींच्या गोळ्यावर ओता आणि दोन्ही मिसळा.

६. बर्फावर २० मिनिटं ठेवा, मधे दोनदा हलवा.

७. डीएनए तोडा. टिप वर उचलल्यावर भेंडीच्या तारेसारखी चिकट तार लोंबत असेल तर डीएनए अजून अखंड आहे. बर्फावर ५ सेकंदांचे तीन सोनिकेशनचे झटके द्या, मधे थंड होऊ द्या. सोनिकेटर नसेल तर बारीक सुईच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा ओढा-सोडा.

८. १४,००० जी, ४ अंश, १५ मिनिटं. जी म्हणजे फेरे नव्हेत. ८.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर १२,००० फेरे म्हणजे सुमारे १३,५०० जी. लहान रोटरवर तेवढेच फेरे खूप कमी पडतात. वरचं नितळ द्रव नव्या ट्यूबमध्ये घ्या, खालच्या गाळाला टिप लावू नका.

ट्रिप्सिनने पेशी सोडवणं इथे टाळाच. सोडवणं, थांबवणं, फिरवणं, धुणं यात अर्धा तास जातो, आणि अर्धा तास म्हणजे या प्रथिनाचं एक अर्धायुष्य.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांना उशिरा कळते. एमसीएल-१ त्याच कुळातल्या बिम किंवा बॅक या प्रथिनाला धरून आहे का हे इम्युनोप्रेसिपिटेशनने (अँटिबॉडीने एक प्रथिन जोडीदारांसकट ओढून काढून) बघायचं असेल, तर आरआयपीए चालत नाही; त्यातलं एसडीएस जोड्या तोडतं. उलट ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४० सारखे सौम्य वाटणारे डिटर्जंटही या कुळात घोळ घालतात: त्यांच्यामुळे कुळातल्याच बॅक्स या प्रथिनाचं रूप बदलतं आणि पेशीत नसलेल्या जोड्या ट्यूबमध्ये तयार होतात. अशा कामाला १ ते २ टक्के सीएचएपीएस हे डिटर्जंट, १५० मिलिमोलर मीठ आणि १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४ हा बफर घ्या. विकतचं ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट या कामासाठी नाही.

तपासा: स्वतःचे दोन कंट्रोलही याच बैठकीत बनवा. एका प्लेटला एमजी-१३२ हे पेशीतलं प्रथिनांचं विघटन रोखणारं रसायन १० मायक्रोमोलर, ४ तास. यात एमसीएल-१ साचायला हवं. दुसरीला नवं प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २ तास. यात ते घसरायला हवं. विकतच्या ट्यूबपेक्षा हे दोन कंट्रोल तुमच्या स्वतःच्या पेशींबद्दल जास्त सांगतात.

## टप्पा ५: प्रथिन मोजणं

रंगावरून प्रथिन मोजायच्या दोन पद्धतींपैकी आरआयपीएमध्ये बीसीए वापरा, ब्रॅडफर्ड नको. डिटर्जंट ब्रॅडफर्डचा रंग बिघडवतात. बीएसएची (माहीत तीव्रतेच्या गायीच्या अल्ब्युमिन प्रथिनाची) मानक मालिका ० ते २,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, पाण्यात नव्हे, त्याच आरआयपीएमध्ये करा. नमुना १:५ पातळ करा, अभिकर्मक अ आणि ब ५०:१, ३७ अंशांवर ३० मिनिटं, ५६२ नॅनोमीटरला वाचा. पातळ केलेल्याचा गुणाकार विसरू नका.

डीटीटी किंवा मर्काप्टोइथेनॉल असलेल्या नमुन्यावर बीसीए करू नका, आकडा खोटा येतो. म्हणून एसडीएस बफरमध्ये आलेलं विकतचं लायसेट मोजायचं नाही. लेबलवरचा आकडा धरा.

## टप्पा ६: नमुने आणि लेनची मांडणी

ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट २० मायक्रोग्रॅम घालणं हीच पहिल्या चित्रातली चूक. ते १ मायक्रोग्रॅम घाला. पण बाकीच्या लेनमध्ये २० आणि इथे १ असं केलं तर लोडिंग कंट्रोल (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन पडलंय का हे दाखवणारं दुसरं प्रथिन) अंधुक येतो आणि लेन वेगळीच धावते. उपाय सोपा आहे: स्वतः बनवलेल्या साध्या एचईके पेशींच्या लायसेटचा भार टाका.

लायसेटची तीव्रता १ आणि भाराची ३.८ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर धरू. १ मायक्रोलिटर अचूक ओढणं कठीण, म्हणून लायसेट आधी आरआयपीएत १:५ पातळ करा आणि ५ मायक्रोलिटर घ्या. त्यात १ मायक्रोग्रॅम आलं. भाराचे ५ मायक्रोलिटर म्हणजे १९ मायक्रोग्रॅम. चौपट सॅम्पल बफर ५, आरआयपीए ५. एकूण २० मायक्रोलिटर, २० मायक्रोग्रॅम. रिकाम्या व्हेक्टरचा नमुनाही अगदी असाच, त्याच भारासह.

स्वतःचा नमुना: तीव्रता ३.२ असेल तर २० मायक्रोग्रॅमसाठी ६.२५ मायक्रोलिटर, चौपट बफर ५, आरआयपीए ८.७५. सगळे नमुने ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, थंड करून पुन्हा खाली फिरवा.

एसडीएस बफरमध्ये आलेल्या लायसेटमध्ये सॅम्पल बफर आधीच आहे, त्याच्या वाट्याला तो पुन्हा धरू नका.

लेनचा क्रम असा ठेवा: मार्कर, ओव्हरएक्स्प्रेशन, रिकामा व्हेक्टर, मोकळी लेन, मग स्वतःचे नमुने, शेवटी एमजी-१३२ आणि सायक्लोहेक्सिमाइड. मोकळ्या लेनमध्ये नुसता सॅम्पल बफर घाला, कोरी सोडू नका, नाहीतर शेजारच्या लेन आत वाकतात. या मोकळ्या लेनवर कंजुषी करू नका. ओव्हरएक्स्प्रेशनच्या खणातून एक शिंतोडा शेजारी सांडला, तरी तुमच्या कमजोर नमुन्यात बँड उमटेल आणि तो खरा मानून तुम्ही महिनाभर पुढे जाल.

सावधान: लोडिंग कंट्रोल म्हणून गॅपडीएच किंवा अॅक्टिन वापरू नका. एमसीएल-१ साधारण ३७ ते ४० किलोडाल्टनला धावतं, गॅपडीएच ३६-३७ ला, अॅक्टिन ४२ ला. मेम्ब्रेन कापता येत नाही आणि आधीचा सिग्नल नीट उतरला नाही तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. व्हिन्क्युलिन किंवा एचएसपी९० घ्या, दोन्ही बरीच वर असतात. मग ६० च्या खुणेवर मेम्ब्रेन कापून दोन्ही तुकडे एकाच दिवशी करता येतात.

## टप्पा ७: जेलपासून अँटिबॉडीपर्यंत

यात फार नवं नाही. १२ टक्के जेल. निळी रेघ तळाशी येईपर्यंत चालवा. मेम्ब्रेन पीव्हीडीएफची असेल तर आधी मिथेनॉलमध्ये भिजवा; मग ट्रान्सफर (जेलमधली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवणं) १०० व्होल्टला ७० मिनिटं, टाकीत बर्फाची वीट. ट्रान्सफर झाल्याबरोबर पाँसो (सगळी प्रथिनं गुलाबी दाखवणारा रंग) लावा. सगळ्या लेन सारख्या गुलाबी दिसल्या तरच पुढे जा. फुगा दिसला, लेन अर्धी दिसली तर अँटिबॉडी घालून पैसे वाया घालवू नका.

५ टक्के दुधात एक तास ब्लॉक करा. पहिली अँटिबॉडी तिच्या माहितीपत्रकातल्या प्रमाणात, बहुधा १:१,०००, रात्रभर ४ अंशांवर हलत्या प्लॅटफॉर्मवर. टीबीएसटी या धुण्याच्या बफरने १० मिनिटांच्या तीन धुण्या. एचआरपी (ईसीएल या सब्स्ट्रेटमधून प्रकाश पाडणारं एन्झाइम) लावलेली दुसरी अँटिबॉडी १:५,०००, एक तास, पुन्हा तीन धुण्या. पुन्हा वापरायच्या पहिल्या अँटिबॉडीत टिकण्यासाठी अझाइड घातलं असेल तर धुण्या नीट करा. अझाइड एचआरपीला मारतं.

एक्स्पोजर कमीत सुरू करा: १ सेकंद, ५, ३०, मग २ मिनिटं. ओव्हरएक्स्प्रेशनची लेन पहिल्याच एक्स्पोजरला वाचा, स्वतःचे नमुने नंतरच्या.

## टप्पा ८: बँड वाचताना

ओव्हरएक्स्प्रेशनच्या लेनमध्ये मिक-डीडीके टॅग लागलेला ठळक बँड ४० च्या थोडा वर दिसेल आणि त्याच्या खाली फिका बँड. तो फिका बँड भाराच्या पेशींतलं मूळ एमसीएल-१ आहे, अशुद्धी नव्हे. रिकाम्या व्हेक्टरच्या लेनमध्ये हाच खालचा बँड दिसायला हवा. एचईके पेशी स्वतः एमसीएल-१ बनवतात, म्हणून ही लेन कोरी येणं अपेक्षितच नाही. या लेनचं काम एवढंच सांगणं की वरचा ठळक बँड प्लास्मिडमुळे आला. खात्री हवी असेल तर तोच ब्लॉट टॅगच्या अँटिबॉडीने पुन्हा बघा: आता फक्त वरचा बँड उरला पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या नमुन्यांत दोन बँड जवळजवळ दिसले तर ते स्वाभाविक आहे. प्रथिनाचं एन-टोक छाटलं गेलं की खालचा प्रकार येतो. मरणाऱ्या पेशींत ३० किलोडाल्टनच्या खाली तुकडे दिसू शकतात, कारण कॅस्पेझ ही अपॉप्टोसिसमधली एन्झाइम एमसीएल-१ ला कापतात. अशा वेळी त्याच नमुन्यांत कॅस्पेझ कापतात त्या पार्प प्रथिनाचा ८९ किलोडाल्टनचा तुकडा बघा. तो असेल तर पेशी खरोखर अपॉप्टोसिसमध्ये आहेत.

औषध एमसीएल-१ ला थेट चिकटणारं असेल, उदाहरणार्थ एस६३८४५, तर बँड वाढलेला दिसू शकतो. औषध प्रथिनाला स्थिर करतं आणि त्याचं विघटन मंदावतं. प्रथिन वाढलं म्हणजे औषध फसलं, असा निष्कर्ष काढू नका.

## काय दिसलं तर काय बघायचं

ओव्हरएक्स्प्रेशनचा बँड मधोमध पांढरा, कडेला काळा: एचआरपी इतकी जास्त की सब्स्ट्रेट तिथे क्षणात जळून गेला. लायसेट ०.२ मायक्रोग्रॅमवर आणा.

एकाही लेनमध्ये काही नाही, अगदी ओव्हरएक्स्प्रेशनमध्येही: आधी पाँसोचा फोटो बघा. प्रथिन असेल तर दोष अँटिबॉडीत, एचआरपीत किंवा ईसीएलमध्ये आहे. दुसऱ्या अँटिबॉडीचा एक थेंब ईसीएलमध्ये टाकून बघा. अंधारात चमकला तर ती दोन्ही ठीक आहेत.

ओव्हरएक्स्प्रेशन ठीक, पण स्वतःचे सगळे नमुने कोरे आणि एमजी-१३२ ची लेनही कोरी: ब्लॉट नीट आहे, तुमचं लायसेट नाही. टप्पा ४ मधल्या वेळा आणि पीएमएसएफ तपासा.

फक्त एमजी-१३२ च्या लेनमध्ये बँड, उपचार नसलेल्या पेशींत नाही: तुमच्या पेशींत एमसीएल-१ मुळातच कमी आहे किंवा फार वेगाने तुटतंय. दर लेनला ४० मायक्रोग्रॅम घाला आणि प्लेट काढल्यापासून बफर पडेपर्यंतचा वेळ २ मिनिटांच्या आत आणा.

मागच्या महिन्यात छान आलेला ओव्हरएक्स्प्रेशनचा बँड आता फिका, खाली धुरकट रेघ: तोच वाटा पुन्हा पुन्हा वितळलाय. वहीत वितळवल्याच्या तारखा बघा, दुसऱ्या फ्रीझरमधला न उघडलेला वाटा काढा आणि जुन्याशेजारी एकाच जेलवर चालवा.